दुकानाची अ‍ॅक्सेस फाइल पोस्टग्रेसवर नेताना

ट्रॅक्टर आणि पंपांच्या सुट्या भागांचं दुकान. पुढे दोन काउंटर, मागे गोदाम, माळ्यावर हिशेबनिसाचं टेबल, म्हणजे चार कॉम्प्युटर. सगळा धंदा एका अ‍ॅक्सेस फाइलवर चालायचा. अ‍ॅक्सेस म्हणजे मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस प्रोग्राम. ती फाइल पहिल्या काउंटरच्या कॉम्प्युटरवर शेअर केलेल्या फोल्डरमध्ये, आणि बाकीचे तीन तिथूनच ती उघडायचे. पंधरा-सोळा वर्षं हे चाललं. मग एका दुपारी बिल सेव्ह होत असतानाच लाइट गेली. लाइट आल्यावर फाइल उघडेना. शेवटचा चांगला बॅकअप अकरा दिवसांपूर्वीचा होता, आणि त्या अकरा दिवसांची उधारी कार्बन कॉप्यांवरून पुन्हा चढवायला दोन माणसांचे चार दिवस गेले.

अशा दुकानांचा डेटा पोस्टग्रेस या मोफत डेटाबेस सर्व्हरवर नेण्याचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. ते कसं करायचं ते इथे क्रमाने लिहितो. ज्याला कॉम्प्युटरची बरी जाण आहे, लिनक्सची भीती वाटत नाही आणि ज्याच्या ओळखीत असं एखादं दुकान आहे, त्याच्यासाठी हे लिखाण आहे.

आधी दोष कशात आहे ते समजून घेऊ. अ‍ॅक्सेस वाईट नाही. एका कॉम्प्युटरवर एका माणसासाठी ते आजही उत्तम साधन आहे. पण शेअर केलेल्या फोल्डरमधली फाइल चौघांनी उघडली, की चारही कॉम्प्युटर त्या एकाच फाइलमध्ये थेट हात घालून लिहितात. कुणाची पाळी कधी, हे शेजारच्या छोट्या लॉक फाइलवरून ठरतं. यातल्या एकाची वायर हलली किंवा लाइट गेली, तर अर्धं लिहिलेलं पान तसंच राहतं. शिवाय फाइलला २ जीबीची मर्यादा आहे. डेटाबेस सर्व्हरचं काम वेगळ्या तऱ्हेने चालतं. तिथे डेटाला हात लावणारा एकच असतो, तो सर्व्हर. काउंटरवरचे कॉम्प्युटर त्याला नुसती मागणी पाठवतात. आणि पोस्टग्रेस कोणताही बदल पक्का करण्याआधी तो एका नोंदवहीत उतरवून डिस्कवर पोचवतं. मधेच लाइट गेली, तर पुन्हा चालू झाल्यावर ते ती वही वाचतं, पूर्ण झालेले व्यवहार लावून घेतं आणि अर्धवट राहिलेले सोडून देतं. आपल्याकडच्या विजेचा विचार केला, तर हा एकच गुण सगळ्या खटाटोपाचं मोल वसूल करून देतो.

पोस्टग्रेसच का, असं मला नेहमी विचारतात. मारियाडीबी या दुसऱ्या मोफत डेटाबेस सर्व्हरनेही हे काम होतं, आणि तुमच्या गावात ती जाणणारा माणूस असेल तर खुशाल तीच घ्या. अडचणीच्या वेळी जवळ माणूस असणं हे सॉफ्टवेअरच्या गुणांपेक्षा मोठं आहे. माझी पसंती पोस्टग्रेसला आहे, कारण डेटाच्या बाबतीत ते काटेकोर आहे. चुकीची तारीख ते मुकाट्याने घेत नाही, रकमेचे पैसे इकडेतिकडे होऊ देत नाही. बर्कलीच्या विद्यापीठात १९८६ मध्ये सुरू झालेलं हे काम १९९६ पासून पोस्टग्रेसक्यूएल या नावाने चालू आहे, आणि वापरायला एक पैसा पडत नाही. एसक्यूलाइट मात्र इथे नको. ते सुंदर आहे, पण तीही शेवटी एक फाइल. नेटवर्कवरच्या फोल्डरमध्ये ठेवली की जुनंच दुखणं परत येतं.

आणखी एक निर्णय पहिल्याच दिवशी घ्या: पडदे तेच ठेवायचे. काउंटरवरच्या माणसाची बोटं वर्षानुवर्षं ज्या फॉर्मवर फिरली आहेत, तो फॉर्म आणि डेटा एकाच दिवशी बदलू नका. अ‍ॅक्सेसचे फॉर्म आणि रिपोर्ट जागेवर राहू द्या, त्यांच्या खालचे तक्ते तेवढे सर्व्हरवर न्या. नवे पडदे हवे असतील तर वर्षभराने बघू. हे जमायला अ‍ॅक्सेसचा प्रोग्राम आतून उघडता आला पाहिजे. ज्याचा मूळ कोड कुणाकडेच नाही असा बंद प्रोग्राम असेल, तर डेटा बाहेर काढता येईल, पण पडदे नव्यानेच करावे लागतील, आणि त्या कामाचा अंदाज वेगळा द्या.

आधी माणसांशी बोला, मग फाइल उघडा

पहिले दोन दिवस मी नुसता बसून बघतो. काउंटरवर बिल कसं होतं, परतीचा माल कसा चढतो, गोदामातला मुलगा चलनावर काय खरडतो. हिशेबनिसाला हमखास विचारा, की उधारीची बाकी प्रोग्राममधली खरी मानता की तुमची स्वतःची वेगळी यादी आहे? बहुतेक ठिकाणी एक्सेलची एक शीट निघतेच. प्रोग्रामची बाकी कधीतरी चुकली, तेव्हापासून त्यांनी आपली वेगळी वही धरलेली असते. त्या शीटकडे दुर्लक्ष केलंत, तर नव्या सर्व्हरवर जुनी चूक जशीच्या तशी जाईल, आणि दोष नव्या सर्व्हरच्या माथी येईल.

मग फाइलची प्रत घ्या आणि तिच्यावरच काम करा. प्रत घेताना सगळ्यांना बाहेर पडायला सांगा, आणि शेजारची लॉक फाइल नाहीशी झाली का ते बघा. आता तक्त्यांची यादी करा. पन्नास तक्ते दिसले तरी घाबरू नका. त्यातले कित्येक ‘जुने’, ‘प्रत’, ‘टेस्ट’ अशा नावांचे असतात. खरे जिवंत सहसा पंधराच्या आत निघतात: ग्राहक, पुरवठादार, माल, बिल, बिलाच्या ओळी, खरेदी, जमा पावत्या, परत माल, असे.

ताळ्याचा कागद

डेटाला हात लावण्याआधी एक कागद तयार करा. या कामात माझा सगळा भरवसा या कागदावर आहे.

त्यावर जुन्या फाइलमधून काढलेले आकडे लिहा. प्रत्येक तक्त्यात किती नोंदी. दर आर्थिक वर्षाची बिलं किती आणि त्यांची बेरीज किती, पैशांसकट. कराची बेरीज वेगळी. सगळ्या ग्राहकांची मिळून येणी किती, आणि सर्वांत मोठ्या वीस खात्यांची बाकी एकेक करून. गोदामातल्या मालाचे एकूण नग. सर्वांत जुन्या आणि सर्वांत नव्या बिलाची तारीख. हा कागद मालकाला दाखवा आणि त्यावर त्यांची सही घ्या. ‘आज आपल्या फाइलमध्ये हे आहे’ एवढंच त्या सहीचं म्हणणं. पुढे प्रत्येक टप्प्याला नव्या सर्व्हरवरून हेच आकडे काढायचे आणि ताळा जमला तरच पुढे जायचं. एक रुपयाचा फरक असेल तर तो एक रुपया शोधायचा. कारण तो बहुधा एक रुपया नसतोच. कुठे पाचशे जास्त आणि कुठे चारशे नव्याण्णव कमी असतात.

सफाई

सर्वांत जास्त वेळ इथे जातो, आणि तो जाऊ द्यावा.

एकच शेतकरी तीन वेळा नोंदलेला सापडतो. एकदा आडनाव आधी, एकदा नाव आधी, एकदा नुसतं ‘अण्णा’ आणि गावाचं नाव. ही खाती तुम्ही एकत्र करू नका. यादी छापा आणि मालकाच्या हातात द्या. कोण कोणाचा भाऊ आणि कोणती उधारी कोणाची, हे त्यांनाच माहीत असतं.

मराठी मजकूर कोणत्या रूपात आहे ते तपासा. २००० च्या दशकातल्या प्रोग्राममध्ये श्रीलिपी, आकृती, कृतीदेव किंवा आयएसएमच्या फाँटमधली नावं असतात. पडद्यावर ती मराठी दिसतात, पण फाइलमध्ये प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं साठवलेली असतात, आणि फाँट त्यांना देवनागरीचा वेश चढवतो. ती तशीच सर्व्हरवर नेली तर कायमची निरुपयोगी होतील. ज्या फाँटमध्ये लिहिलंय नेमका त्याचाच परिवर्तक वापरून सगळं युनिकोडमध्ये आणा. एकाच कंपनीच्या दोन फाँटची मांडणीसुद्धा वेगळी असू शकते, म्हणून आधी शंभर नावांवर करून बघा. जोडाक्षरं, रफार आणि ऱ्हस्व वेलांटी या तीन जागी चुका होतात, तिथे डोळ्यांनी वाचा.

युनिकोड असलं तरी एक अडचण उरतेच. ‘गाऱ्हाणे’ किंवा ‘शेतकऱ्या’मधला अर्धा र दोन तऱ्हांनी टंकता येतो. एक म्हणजे नुक्त्याचा ऱ घेऊन, दुसरी म्हणजे साध्या र पुढे न दिसणारं जोडचिन्ह घालून. दिसायला दोन्ही सारखे, पण डेटाबेसच्या लेखी वेगळे. ‘अ‍ॅग्रो’मधल्या अ‍ॅचंही तेच आहे. मग एका कीबोर्डवरून चढवलेलं नाव दुसऱ्या कीबोर्डवरून शोधलं की सापडत नाही, आणि काउंटरवरचा माणूस नवं खातं उघडतो. पोस्टग्रेसमध्ये युनिकोड एकसारखं करणारं फंक्शन आहे, पण या अर्ध्या र वर त्याचा इलाज चालत नाही. त्यासाठी एक रूप ठरवा, दुसरं सरसकट बदला, आणि पुढे येणाऱ्या नोंदींनाही तेच रूप मिळेल असा ट्रिगर, म्हणजे नोंद चढताना आपोआप चालणारा कोड, सर्व्हरवर लावा.

फोन नंबर, पिन कोड, पार्ट नंबर आणि एचएसएन कोड (जीएसटीतला मालाचा वर्ग सांगणारा) हे आकडे दिसले तरी मजकूर म्हणूनच साठवा. त्यांची कधी बेरीज करायची नसते, आणि आकड्याच्या रकान्यात गेलं की ‘००४५’ या पार्टचा ‘४५’ होतो. याच कारणाने मधल्या सीएसव्ही फाइली (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेला साधा मजकूर) एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नका. एक्सेल पुढची शून्यं खातं आणि ‘३-४’ सारख्या मापाची तारीख करून टाकतं. बघायचंच असेल तर साध्या नोटपॅडमध्ये बघा.

तारखांमध्ये गंमत वाटावी अशा चुका सापडतात, पण ताळा त्यांच्यामुळेच चुकतो. २०२ साल, २१०३ साल, असं काहीही. दोन आकडी वर्ष टंकलं तर अ‍ॅक्सेस ०० ते २९ ला दोन हजारांत धरतं आणि ३० ते ९९ ला एकोणीसशेत. बाहेर काढताना तारखा नेहमी वर्ष, महिना, दिवस या क्रमाने काढा. ‘०३/०४’ म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च, हा प्रश्नच उरता कामा नये.

ज्यांचं मूळ बिल पुसलं गेलंय अशा बिलाच्या ओळीही निघतील. त्या फेकू नका. वेगळ्या तक्त्यात ठेवा, कागदावर तशी नोंद करा आणि मालकाला दाखवा.

यंत्र, वीज, वायर

सर्व्हर म्हणून फार मोठं काही लागत नाही. आठ जीबी मेमरी, दोन सारख्या एसएसडी एकमेकींच्या आरशासारख्या जोडलेल्या, म्हणजे एक गेली तरी दुसरी चालते. एवढा साधा कॉम्प्युटर चार कॉम्प्युटरना पुरून उरतो. त्यावर डेबियन हे लिनक्स घाला. डेबियन १२ सोबत पोस्टग्रेस १५ येतं, डेबियन १३ सोबत १७. पोस्टग्रेसच्या प्रत्येक मुख्य आवृत्तीला पाच वर्षं दुरुस्त्या मिळतात, तेव्हा नवीन उभारणीला नवीनच घ्या. या यंत्रावर दुसरं काही काम नको. बिलं छापणं नको, गाणी नकोत, मेल नको. ते काउंटरवर ठेवूच नका. माळ्यावर, हवेशीर जागी, धूळ आणि ऑइलचे हात लागणार नाहीत असं ठेवा.

यूपीएस हवाच, आणि यूएसबी वायरने सर्व्हरला जोडता येईल असा. नट नावाचं मोफत सॉफ्टवेअर बॅटरी संपत आली की सर्व्हर रीतसर बंद करतं. त्याच यूपीएसवर नेटवर्कचा स्विचही घ्या. हे विसरलं जातं, आणि मग सर्व्हर चालू पण काउंटर आंधळे, अशी गत होते. सर्व्हर आणि काउंटर यांच्यामध्ये वाय-फाय नको, वायर ओढा. वायरमनला एकदाच बोलवा आणि गोदामापर्यंतही ओढून घ्या.

सर्व्हरला न बदलणारा पत्ता द्या, समजा १९२.१६८.१.१०. मग पोस्टग्रेसच्या दोन सेटिंग बघा. ‘लिसन अ‍ॅड्रेसेस’मध्ये तो पत्ता घाला, नाहीतर सर्व्हर स्वतःशिवाय कुणाचंच ऐकत नाही. दुसरी ‘पीजी एचबीए’ नावाची फाइल, जी कुणाला कुठून आत घ्यायचं ते ठरवते. तिथे दुकानाच्या नेटवर्कपुरती एकच ओळ लिहा आणि पासवर्डची पद्धत ‘स्क्रॅम’ ठेवा. काही शिकवण्यांमध्ये तिथे ‘ट्रस्ट’ लिहायला सांगतात. म्हणजे पासवर्डशिवाय कुणीही आत. ते करू नका. फायरवॉलमध्ये ५४३२ हे पोर्ट दुकानाच्या नेटवर्कपुरतंच उघडा, आणि राउटरवरून ते इंटरनेटला कधीही उघडं करू नका. मालकाला घरून हिशेब बघायचा असेल तर वायरगार्डसारखं व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून जाणारी खासगी सुरक्षित वाट, लावून द्या.

प्रत्येक माणसाला त्याचा स्वतःचा लॉगिन द्या. काउंटरला बिल करायचा आणि माल बघायचा अधिकार, हिशेबनिसाला जमा-नावे करायचा. बिल पुसायचा अधिकार कुणालाच नको, मालकालासुद्धा. चुकलेलं बिल रद्द अशी खूण करून जागेवर राहील.

तक्त्यांची नवी मांडणी

डेटाबेस तयार करताना एन्कोडिंग यूटीएफ-८ आहे ना, ते पहिल्यांदा बघा. मराठी वर्णक्रमाने ग्राहकांची यादी हवी असेल तर त्या रकान्याला आयसीयू या युनिकोड लायब्ररीचं मराठी कोलेशन, म्हणजे वर्णक्रमाचा नियम, द्या.

अ‍ॅक्सेसमधून थेट ओडीबीसीने (प्रोग्राम आणि डेटाबेस जोडणारी विंडोजची सोय) तक्ते ढकलायची सोय आहे, पण मी ती वापरत नाही. त्यात प्रायमरी की (प्रत्येक नोंदीची एकमेव ओळख) आणि तक्त्यांमधल्या नात्यांचे नियम येत नाहीत, आणि इंग्रजी कॅपिटल अक्षरांतली नावं प्रत्येक वेळी अवतरणात लिहावी लागतात. त्याऐवजी तक्ते स्वतः लिहा. लिनक्सवरचं एमडीबी-टूल्स जुन्या फाइलचा आराखडा पोस्टग्रेसच्या भाषेत काढून देतं, ते कच्चं रूप म्हणून घ्या आणि सुधारा. अ‍ॅक्सेसचं ‘करन्सी’ चार दशांशांचं असतं, त्याला ‘न्यूमरिक’ द्या. पैशांसाठी ‘फ्लोट’ कधीच नको. ‘ऑटोनंबर’ला ‘आयडेंटिटी’ (आपोआप वाढणारा क्रमांक), ‘मेमो’ला ‘टेक्स्ट’. तारीख-वेळेला सेकंदाचे तुकडे नसलेला ‘टाइमस्टँप’ द्या. हो-नाही रकान्याला ‘बूलियन’, पण रिकामा राहणार नाही असा आणि मुळात ‘नाही’ धरलेला. शेवटच्या दोन गोष्टी बारीक वाटतात, पण त्या चुकल्या की अ‍ॅक्सेस ‘ही नोंद दुसऱ्या कुणीतरी बदलली आहे’ असं खोटंच सांगत बसतं आणि सेव्हच करू देत नाही.

कराचा दर बिलाच्या प्रत्येक ओळीवर साठवा. कित्येक जुन्या प्रोग्राममध्ये तो फक्त मालाच्या यादीत असतो, आणि जुनं बिल पुन्हा छापलं की आजच्या दराने छापलं जातं. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले, ट्रॅक्टरच्या कित्येक सुट्या भागांवरचा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, आणि अशा प्रोग्रामची सगळी जुनी बिलं एका रात्रीत चुकीची झाली. डेटा नेताना प्रत्येक जुन्या ओळीवर त्या दिवशीचा दर लिहून ठेवण्याची संधी तुम्हाला मिळते आहे. ती दवडू नका.

बिल नंबरबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण इथे जाणकारही फसतात. जीएसटीच्या नियमानुसार बिलाचा नंबर सलग क्रमाचा, आर्थिक वर्षात एकदाच येणारा आणि १६ अक्षरांच्या आतला हवा. पोस्टग्रेसची ‘सीक्वेन्स’, म्हणजे पुढचा क्रमांक देणारी सोय, सलगपणाची हमी देत नाही. बिल सेव्ह होता होता अडलं, तर तो नंबर वाया जातो आणि मालिकेत भोक पडतं. आयडेंटिटी आतल्या ओळखीपुरती ठेवा. छापायच्या नंबरासाठी एक छोटा तक्ता करा: आर्थिक वर्ष, मालिका, शेवटचा नंबर. बिल चढत असतानाच ट्रिगरने त्या ओळीत एक मिळवायचा आणि मिळालेला नंबर बिलाला द्यायचा. दोन काउंटरनी एकाच क्षणी बिल केलं तर दुसरा क्षणभर थांबतो, कारण ती ओळ पहिल्याने धरलेली असते. पहिल्याचं बिल फसलं तर नंबरही मागे येतो. १ एप्रिलला नव्या वर्षाची ओळ घातली की झालं.

डेटा चढवणं

प्रत्येक तक्त्यासाठी आधी एक तात्पुरता तक्ता करा, सगळे रकाने नुसत्या मजकुराचे. सीएसव्ही त्यात ‘कॉपी’ने ओता. मजकुराला सगळं चालतं, त्यामुळे इथे काही अडत नाही. मग तिथून खऱ्या तक्त्यात रूपांतर करत न्या. जी नोंद अडेल ती कोणती आणि का, हे लगेच कळतं. क्रम महत्त्वाचा: आधी ग्राहक, पुरवठादार आणि माल, मग बिलं, मग बिलाच्या ओळी, शेवटी जमा पावत्या. हे सगळं एका स्क्रिप्टमध्ये लिहा आणि एकाच व्यवहारात चालवा, म्हणजे कुठे फसलं तर सगळं मागे येईल. ही स्क्रिप्ट तुम्ही दहा-पंधरा वेळा चालवणार आहात. हाताने एकही दुरुस्ती सर्व्हरवर थेट करू नका, प्रत्येक दुरुस्ती स्क्रिप्टमध्ये घाला.

सगळं चढल्यावर आयडेंटिटीचा पुढचा आकडा सर्वांत मोठ्या जुन्या क्रमांकाच्या पुढे सरकवा. हे राहिलं तर पहिलंच नवं बिल ‘हा क्रमांक आधीच आहे’ म्हणून अडतं, आणि ते नेमकं सकाळी गिऱ्हाइकासमोर अडतं.

आता ताळ्याचा कागद काढा.

अ‍ॅक्सेस जोडणं

प्रत्येक काउंटरवर पोस्टग्रेसचा ओडीबीसी ड्रायव्हर घाला, दोनपैकी युनिकोडवाला. ३२ बिट की ६४, हे विंडोजवरून ठरत नाही, ऑफिस कोणतं आहे त्यावरून ठरतं. ६४ बिट विंडोजवर ३२ बिट ऑफिस असेल तर ड्रायव्हर ३२ चा आणि तो जोडायची खिडकीसुद्धा ३२ चीच. पहिल्या दिवशीच्या तक्रारींपैकी निम्म्या इथून येतात. ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये बूलियन अक्षर म्हणून देण्याची खूण काढा आणि ‘खरं म्हणजे उणे एक’ ही खूण लावा, कारण अ‍ॅक्सेस ‘हो’ला उणे एक मानतं. ‘रो व्हर्जनिंग’, म्हणजे नोंद मधे बदलली का ते आवृत्तीच्या खुणेवरून ओळखणं, चालू करा.

फॉर्मची प्रत प्रत्येक कॉम्प्युटरवर स्वतंत्र ठेवा. एकच फॉर्म फाइल शेअर केलीत, तर पुन्हा जुनीच खोड. तक्ते लिंक केल्यावर नावापुढे ‘पब्लिक’ चिकटून येतं, ते काढून जुनं नाव द्या, म्हणजे फॉर्म आणि क्वेरी काही न बदलता चालतात. रकान्यांची नावं तुम्ही बदलली असतील, तर जुन्या तक्त्याच्याच नावाची एक क्वेरी करा आणि तिच्यात जुनी नावं द्या. फॉर्मला फरक कळत नाही. प्रायमरी की नसलेला तक्ता मात्र अ‍ॅक्सेस नुसता बघू देतं, बदलू देत नाही.

कोडमध्ये तीन गोष्टी शोधा. एक, ‘सीक’ ने नोंद शोधणं लिंक केलेल्या तक्त्यावर चालत नाही. दोन, अ‍ॅक्सेसमध्ये नवी नोंद टंकायला लागताच ऑटोनंबर मिळायचा, आता तो सेव्ह झाल्यावरच मिळतो. तिसरी शोधाशोधीची: अ‍ॅक्सेस लहान-मोठी इंग्रजी अक्षरं सारखी मानायचं, पोस्टग्रेस मानत नाही, त्यामुळे पार्ट नंबर शोधताना दोन्ही बाजू एका रूपात आणाव्या लागतात. वर्षभराची खतावणी किंवा मालाचा साठा असे जड रिपोर्ट सर्व्हरवर ‘व्ह्यू’, म्हणजे साठवलेली तयार क्वेरी, करून ठेवा, म्हणजे बेरजा तिथेच होतील आणि तयार आकडे तेवढे वायरवरून येतील.

तालीम आणि बदलाचा दिवस

दोन तालमी घ्या. पहिली तुमची एकट्याची. दुसरी दुकान बंद झाल्यावर सगळ्यांना बसवून: दोन्ही काउंटरवरून एकाच वेळी बिलं, परतीचा माल, जमा पावती, आणि बिल सेव्ह होत असताना एका काउंटरचा प्लग खेचून बघणं. तो प्लग मालकांना स्वतः खेचू द्या. त्यानंतर समजावून सांगायला फार काही उरत नाही.

दोन्हीकडे महिनाभर नोंदी करायच्या, असा सल्ला पुष्कळ जण देतात. मला तो पटत नाही. दिवसभर काउंटरवर उभी राहिलेली माणसं रात्री दुसऱ्यांदा तेच टंकतात, तेव्हा चुका होतात, आणि मग खरं कोणतं तेच कळेनासं होतं. नीट तालीम करा आणि एका दिवसात बदला.

तो दिवस कोणता? ३१ मार्च सोयीचा वाटतो, कारण बिल नंबर तसेही नव्याने सुरू होणार. पण तेव्हा सगळे हिशेबाच्या ओझ्याखाली असतात. दसरा-दिवाळीच्या आधी तर मुळीच नको. सुट्या भागांच्या दुकानाला पावसाळा मंद जातो, म्हणून मी श्रावणातला साप्ताहिक सुट्टीचा दिवस निवडतो. तुमच्या धंद्याचा मंद महिना तुम्हाला ठाऊक आहे.

आदल्या रात्री शेवटचं बिल झालं की जुनी फाइल फक्त वाचण्यापुरती करा. ताळ्याचा कागद नव्याने काढा, स्क्रिप्ट चालवा, ताळा जमवा, सही घ्या. दुपारपर्यंत ताळा जमला नाही, तर त्या दिवशी बदलू नका. दुसऱ्या दिवशी दुकान जुन्या फाइलवर उघडेल, आणि तुम्ही पुढच्या आठवड्यात परत याल. बदललंत तर पहिले तीन दिवस दुकान उघडायच्या वेळी तिथे हजर राहा.

बॅकअप

रात्री दोनला बॅकअप लावायची पद्धत मोठ्या कचेऱ्यांची. आपली दुकानं रात्री मेन स्विच बंद करून जातात. म्हणून दुपारी दोनला आणि संध्याकाळी दुकान बंद व्हायच्या अर्धा तास आधी, असे दोन लावा. पोस्टग्रेससोबत येणारं बॅकअपचं साधन ‘पीजी डंप’ काम चालू असतानाही एका क्षणाचं सुसंगत चित्र काढतं, कुणाला थांबवावं लागत नाही. तो ‘कस्टम’ स्वरूपात काढा. लॉगिन त्यात येत नाहीत, ते ‘पीजी डंपऑल’ने वेगळे काढा. एक प्रत दुसऱ्या कॉम्प्युटरवर, एक आलटून पालटून मालकांच्या घरी जाणाऱ्या दोन डिस्कपैकी एकीवर, आणि जमल्यास एक कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करून क्लाउडवर. दोन डिस्कचा आरसा म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेलं खातं आरशातूनही त्याच क्षणी जातं.

दर महिन्याच्या ठरलेल्या दिवशी यातला एक बॅकअप हिशेबनिसाच्या कॉम्प्युटरवर ‘पीजी रिस्टोर’ने उभा करा आणि ताळ्याच्या कागदावरचे प्रश्न त्याला विचारा. मागच्या वर्षांच्या बेरजा तंतोतंत जुळल्या पाहिजेत. हे काम हिशेबनिसाला शिकवा. सुरुवातीला तासभर लागतो, तिसऱ्या महिन्यात वीस मिनिटांत होतं.

जुनी अ‍ॅक्सेस फाइल पुसू नका. जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपाव्या लागतात. ती फाइल आणि सही केलेले ताळ्याचे कागद तेवढा काळ तरी एकत्र ठेवा.

निघताना एक लखोटा तयार करा. त्यात सर्व्हरचा पत्ता, मुख्य लॉगिन आणि पासवर्ड, बॅकअप कुठे जातात, ते उभे कसे करायचे, यूपीएसची बॅटरी कधी बदलली, चढवण्याची स्क्रिप्ट कुठे आहे, हे सगळं साध्या मराठीत छापलेलं असेल. उद्या तुम्ही गावात नसाल, तर दुसरा कुणीही जाणकार तो वाचून काम सुरू करू शकला पाहिजे. लखोटा मालकांनी स्वतः तिजोरीत ठेवावा, आणि पासवर्ड बदलला की त्याच दिवशी आतला कागदही बदलावा.